लाल दिवा आणि अर्थिंगचा खड्डा



गेल्या वर्षभरात आपल्या ओळखीच्या चार-पाच घरांत विजेवर चालणारी गाडी आली, आणि तेव्हापासून मला फोन येतात, "वहिनी, तुमची गाडी घरी नीट चार्ज होते का हो? आमची मध्येच थांबते." प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. गाडी कोणती घ्यायची, रंग कोणता, यावर घरातले पुरुष बोलतातच. पण ती गाडी रात्रभर उभी राहते आपल्या पडवीत, वीज घेते आपल्या मीटरवरून, आणि तिच्या आजूबाजूने अनवाणी वावरतो आपण, आपली म्हातारी माणसं आणि नातवंडं. म्हणून गॅसच्या नळीइतकाच हा विषय मला घरचा वाटतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'हायब्रिड' म्हटलं की सगळ्या एकच समजतात, तसं नाही. इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड व्हिटाराचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल यांना घरी वायर लावायचीच नसते. त्या पेट्रोलवर चालतात आणि चालता चालता आपली छोटी बॅटरी आपणच भरतात. प्लग-इन हायब्रिडला पेट्रोलची टाकीही असते आणि भिंतीतल्या प्लगवरून भरायची मोठी बॅटरीही. आपल्याकडे अशा गाड्या फार थोड्या आणि महागड्या, परदेशात मात्र पुष्कळ. तिसरी निव्वळ विजेची. नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत बाजारात आली, ती आपल्या रांजणगावलाच बनते. अष्टविनायकांतला तिकडचा महागणपती आणि आमच्या ओझरचा विघ्नेश्वर, मधल्या रस्त्यावर आता या गाड्या रोज दिसतात. आमची गाडीही निव्वळ विजेची. पण घरच्या प्लगवर भरताना येणाऱ्या अडचणी दोन्ही प्रकारांना सारख्याच.

गाडीबरोबर एक जाड वायर मिळते आणि तिच्या मधोमध एक डबा असतो. आपण सगळ्या त्याला चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. मधला डबा म्हणजे पहारेकरी. गाडीत वीज सोडण्याआधी तो भिंतीतला प्लग तपासतो: व्होल्टेज ठीक आहे का, आणि तिसरी पिन, म्हणजे अर्थिंगची, खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का. पोहोचत नसेल तर तो लाल दिवा लावतो आणि वीज सोडतच नाही. फ्रिज, मिक्सर, टीव्ही यांना असा पहारेकरी नसतो. अर्थिंग नसलं तरी ती मुकाट चालतात. म्हणून घरातलं अर्थिंग वर्षानुवर्षं बिघडलेलं असतं आणि गाडी आल्यावरच ते कळतं.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. गाडी दसऱ्याला आली. फाल्गुनापर्यंत कसलीही तक्रार नाही. रात्री अकराला वायर लावायची, सकाळी सातपर्यंत गाडी भरलेली. चैत्र लागला आणि लाल दिवा सुरू झाला. आधी आठवड्यातून एकदा, मग एकाआड एक दिवस. एखाद्या रात्री मात्र काहीही न करता बिनबोभाट चार्ज व्हायची. रोज बंद पडणारी वस्तू दुरुस्त करणं सोपं, पण कधी चालते, कधी नाही, तिचं काय करायचं?

मी बी.कॉम. झाले तेव्हा ट्रायल बॅलन्स हातानेच जुळवायचा. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की आमचे सर सांगायचे, सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करू नका. आधी फरक किती ते बघा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा कुठे तरी ५४ चे ४५ लिहिले गेलेत. मग एकेक पान बाजूला काढा. हीच रीत मी गाडीला लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. सासऱ्यांच्या दुकानातली एक कोरी कीर्द पडून होती, तिच्यात रकाने पाडले: तारीख, वायर लावली ती वेळ, बॅटरी किती टक्के, मीटरचं रीडिंग, दिवा लाल की हिरवा, आणि शेवटी शेरा.

पहिली तपासणी: डबा बिघडला असेल का? तोच डबा आणि तीच गाडी घेऊन नारायणगावला धाकट्या दिरांकडे गेलो. तिथे पहिल्याच झटक्याला हिरवा दिवा. म्हणजे गाडी ठीक, डबाही ठीक. दुसरी: पडवीतला प्लग खराब असेल का? वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेऊन तिथल्या पॉवर प्लगला फक्त पाच मिनिटं लावून पाहिली. तिथेही लाल. दोन वेगवेगळे प्लग एकाच दिवशी बिघडत नाहीत. म्हणजे दोष दोघांना समान असलेल्या गोष्टीत, आणि सगळ्या घराला समान असतं ते अर्थिंग.

वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून पाहिलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट, उत्तम. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ काहीच दिसायला नको, तिथे ४८ दिसले. तो म्हणाला, "काकू, अर्थिंग कमजोर आहे. या नव्या गाड्या फार नखरेल असतात. मी बोर्डाच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंगला एक छोटी वायर जोडून देतो. दोन मिनिटांचं काम. दिवा हिरवा होईल."

आमचे हे लगेच तयार झाले, आणि त्यांचंही चुकीचं म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला न्यायचं होतं. ओझर ते पुणे जाऊन-येऊन साधारण १७० किलोमीटर, आणि आमची गाडी भरलेली असताना जेमतेम दोनशे जाते. रात्री चार्ज झाली नाही तर जाणं रद्द. तारीख दोन महिन्यांनी मिळालेली.

मी वायरमनला एकच विचारलं, "बाबा रे, खांबावरून येणारी न्यूट्रलची तार तुटली तर काय होईल?" तो हसला आणि म्हणाला, "काकू, ती कशाला तुटतेय?"

मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण हा उपाय तुम्हालाही कुणी तरी सुचवणार आहे. वीज फेजच्या तारेतून घरात येते आणि न्यूट्रलच्या तारेतून परत जाते. अर्थिंगच्या तारेतून एरवी काहीच वाहत नाही. ती संकटाची वाट. गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा त्या तारेला जोडलेला असतो. आता बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधले आणि वादळात, फांदी पडून किंवा सैल जोडामुळे न्यूट्रल मागे कुठे तरी तुटली, तर परत निघालेल्या विजेला जायला वाट उरत नाही. ती त्या छोट्या वायरीतून अर्थिंगच्या तारेत शिरते आणि गाडीच्या पत्र्यावर येऊन थांबते. जमिनीतलं अर्थिंग तर आधीच निकामी. मग जो माणूस गाडीला हात लावेल, त्याच्यातूनच ती जमिनीत जाणार. आणि त्या सगळ्या वेळात डब्यावरचा दिवा कदाचित हिरवाच असेल, कारण पहारेकऱ्याला आपणच फसवलेलं.

आमच्या सासूबाई ८७ वर्षांच्या. पहाटे अंघोळ करून ओल्या पायांनी, अनवाणी, पडवीतून कोवळ्या उन्हात येऊन बसतात. पडवीत आधाराला कठडा नाही. गाडी आल्यापासून त्या गाडीलाच हात टेकत टेकत जातात. वायरमन दोन मिनिटांचं काम म्हणत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो हात होता. मी म्हटलं, "ही जोडणी या घरात होणार नाही." ह्यांना वाईट वाटलं, थोडी बोलाचाली झाली. पण दिरांना फोन केला. ते पहाटे त्यांची पेट्रोलची गाडी घेऊन आले आणि सासूबाईंची तपासणी वेळेवर झाली. लाल दिवा घालवणारे 'डमी अर्थिंग'चे छोटे अडॅप्टरही बाजारात मिळतात. कुणी कितीही भरवसा दिला तरी ते घरात आणू नका. काम तेच, फक्त डबीत बंद केलेलं.

पुण्याहून परतल्यावर संध्याकाळच्या आत जेवणं आटोपली आणि मी कीर्द घेऊन बसले. महिन्याभराच्या नोंदी समोर होत्या. लाल, लाल, हिरवा, लाल, लाल, लाल, हिरवा, हिरवा, लाल. हिरव्या दिवसांपुढचे शेरे वाचले. एकापुढे लिहिलेलं: "दुपारी वळीव पडला, गारा." दुसऱ्यापुढे: "गच्चीवरची टाकी भरून वाहिली, मागच्या अंगणात चिखल." हिरव्या दिव्याच्या प्रत्येक रात्रीआधी आमच्या घराच्या मागची जमीन भिजलेली होती. फरक सापडला.

आमचं घर १९९४ चं. अर्थिंगचा खड्डा मागच्या भिंतीलगत, जास्वंदीपाशी. जुन्या पद्धतीने त्यात लोखंडी नळी, भोवती कोळसा आणि खडे मीठ. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीतून वीज वाहायला मदत करतं. पण मुळात ओल हवी. कोरड्या मातीतून वीज जमिनीत उतरत नाही. पूर्वी मोरीचं पाणी त्या खड्ड्याजवळूनच वाहायचं, म्हणून तो बारमाही ओला. पुढे गटार बंदिस्त झालं, डास गेले, वास गेला आणि खड्ड्याचं पाणीही गेलं. पावसाळ्याची ओल माघ-फाल्गुनापर्यंत पुरायची. आमच्याकडे वर थोडी माती आणि खाली मुरूम. चैत्राच्या उन्हात तो खडखडीत कोरडा होतो. दसऱ्याला आलेली गाडी चैत्रात रुसली, त्याचं कारण एवढंच.

खात्री करायला, वायर काढलेली असताना, खड्ड्यात दोन बादल्या पाणी हळूहळू मुरवलं. धान्य धुतलेलं आणि पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणीच वापरलं. पाणी उगाच ओतायचं नाही हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. तासाभराने वायर लावली. हिरवा दिवा. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लाल. रोग कळला, पण पाणी ओतणं हा त्यावरचा उपाय नव्हता.

मग पंपाच्या मोटारींची कामं करणारे एक जुने मिस्त्री आले. त्यांनी आधी टेस्ट लॅम्प लावला, म्हणजे साधा शंभराचा बल्ब, फेज आणि अर्थिंगच्या मध्ये. बल्ब काजव्यासारखा मिणमिणला. अर्थिंग चांगलं असतं तर तो लख्ख पेटला असता. ही चाचणी तुम्ही करायची नाही. वायरमन करताना फक्त बघायची. खड्ड्यातली नळी गंजून तिचा जोड सुटत आला होता. त्यांनी शेजारी नवा खड्डा घेतला, साधारण नऊ फूट खोल. नवी जस्ताची नळी, भोवती ओल धरून ठेवणारी तयार पावडर, वरून पाणी घालायला तोंड आणि झाकण. तिथून जाड पट्टी थेट मुख्य बोर्डापर्यंत. खोदकाम पावसाळ्याआधीच उरकलं, चातुर्मासात जमीन उकरायची नव्हती. न्यूट्रल आणि अर्थिंगमधले ४८ व्होल्ट आता एकाच्याही खाली आले. सगळा खर्च एका बऱ्या पैठणीपेक्षा कमी झाला.

आता बाकीच्या दोन तक्रारी, ज्या फोनवर वारंवार ऐकते.

पहिली, "प्लग गरम होतो." गाडी साधारण ३.३ किलोवॅट ओढते, म्हणजे २३० व्होल्टवर चौदा अँपिअरच्या आसपास. गिझरही जवळपास तेवढंच घेतो, पण पंधरा-वीस मिनिटं. गाडी सलग आठ तास घेते. सॉकेटमधला एखादा स्क्रू सैल असेल तर गिझरला ते निभावतं, गाडीला नाही. वायर लावल्यावर तासाभराने प्लगच्या प्लास्टिकला हाताची पाठ लावून बघा. कोमट चालेल. चटका बसत असेल, पिवळट डाग असेल किंवा जळका वास येत असेल तर त्याच क्षणी बंद करून वायरमनला बोलवा. गाडीसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन हवी: चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा आरसीसीबी म्हणजे वीज भलत्या वाटेने जाऊ लागताच पापणी लवायच्या आत पुरवठा तोडणारा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नका, अगदी एका रात्रीसाठीही नाही.

दुसरी, "संध्याकाळी चार्जिंग थांबतं, किंवा घरातली वीजच जाते." इथे विजेचं बिल हातात घ्या. त्यावर 'मंजूर भार' असा शब्द आहे. आमचा दोन किलोवॅट होता. गाडी एकटीच सव्वातीन घेते. त्यात पहाटेचा गिझर, पाण्याची मोटार, इस्त्री. बेरीज तुम्हीच करा. आम्ही अर्ज करून भार वाढवून घेतला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा दिली, तेव्हा लपवाछपवीचं कारण नाही. शिवाय संध्याकाळी सात ते दहा सगळ्या गावाचे पंखे, टीव्ही, मोटारी एकदम चालतात आणि व्होल्टेज उतरतं. माझ्या कीर्दीत रात्री आठला १९५ आणि दोनला २३५ अशा नोंदी आहेत. म्हणून वायर रात्री अकरानंतर लावायची आणि पहाटे गिझर सुरू करण्याआधी काढायची.

हिशेबाची एक गोष्ट. बिलात दर टप्प्याटप्प्याने चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्याहून पुढे. आमचं घर महिन्याला १८० युनिट घेतं. गाडी हजार किलोमीटर चालली तर सुमारे १७० आणखी. म्हणजे ३५० झाले, आणि शेवटची पन्नास वरच्या दरात गेली. गाडीचा खर्च काढताना बिलाची सरासरी घेऊ नका. गाडीमुळे वाढलेली युनिटं ज्या टप्प्यात पडली, त्याच टप्प्याचा दर लावा. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडते, पण आकडा खरा असावा.

आता ज्यांच्या लेकीसुना परदेशात आहेत, त्यांच्यासाठी. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्याकडे प्लग-इन हायब्रिड आहे, प्रायस प्राइम, ८.८ युनिटांची बॅटरी. तिकडे घरातल्या साध्या प्लगला १२० व्होल्टच असतात, म्हणून त्यावर तेवढीशी बॅटरी भरायलाही साडेपाच तास लागतात. तिच्या गॅरेजमध्ये गाडी आणि डीप फ्रीझर एकाच लाइनवर होते. रात्री फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की ब्रेकर पडायचा. सकाळी फ्रीझर बंद दिसला की तिचा नवरा ब्रेकर वर करायचा, पण गाडीकडे कुणाचं लक्ष नाही, कारण ती पेट्रोलवर चालतच होती. तीन आठवड्यांनी पेट्रोलचा खर्च वाढलेला दिसला तेव्हा उलगडा झाला. निव्वळ विजेची गाडी चार्ज झाली नाही तर सकाळी दारातच सांगते. प्लग-इन हायब्रिड सांगत नाही, ती पेट्रोल जाळून वेळ निभावून नेते. म्हणून अशी गाडी असेल तर रोज सकाळी किती टक्के भरली, हे पाहायची सवय लावून घ्यायला लेकीला जरूर सांगा.

आमच्याकडे आता दर शनिवारी अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उघडून धान्य धुतलेलं पाणी घालायचं काम नातवाकडे आहे. तो ते मोठ्या इतमामाने करतो. सासूबाईंना एवढं रामायण सांगितलेलं नाही. त्या पहाटे गाडीला हात टेकत उन्हात जातात, आणि आता मला तो हात बघून काही वाटत नाही.

तुमच्याकडे गाडी नसली तरी या आठवड्यात एक काम करा. घरातल्या कर्त्या माणसाला विचारा, "आपल्या अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?" निम्म्या घरांत उत्तर येणार नाही, असा माझा अंदाज आहे. सापडला तर तो शेवटचा कधी तपासला ते विचारा. गिझर आणि वॉशिंग मशीन आपणच ओल्या हातांनी हाताळतो, आणि त्यांना लाल दिवा नसतो. काय सापडलं ते मला नक्की कळवा.